इ. स. १८०३ : यमुनेकाठून पाहिलेले एक वर्ष

मराठी वाङ्मयेतिहासात १८१८ ही सीमारेषा इतकी रूढ झाली आहे की तिच्याविषयी सहसा कोणी शंका घेत नाही. पुण्याहून पाहता ती योग्यच आहे. परंतु दिल्ली आणि तिच्या दक्षिणेचा गुडगावचा, म्हणजे आजच्या गुरुग्रामचा, टापू विचारात घेतला तर ती पंधरा वर्षे मागे न्यावी लागते.

११ सप्टेंबर १८०३ रोजी दिल्लीसमोर पटपडगंजच्या लढाईत जनरल लेकने दौलतराव शिंद्यांच्या कवायती पलटणींचा पराभव केला. बाराच दिवसांनी असईची लढाई झाली. महाराष्ट्राने असई लक्षात ठेवली, पटपडगंज मात्र विसरला. ३० डिसेंबरला वऱ्हाडात सुर्जी-अंजनगाव येथे तह झाला. त्यान्वये दुआब, दिल्लीभोवतीचा मुलूख व त्यासह गुडगाव कंपनीकडे गेले आणि बादशहा शाह आलमवरील सर्व हक्क शिंद्यांनी सोडले. असईला जिच्या पलटणी शिंद्यांच्या बाजूने होत्या, त्या बेगम समरूकडे गुडगावलगतचा झाडसा परगणा मात्र १८३६ साली तिचा मृत्यू होईपर्यंत राहिला. काळाची पावले तिने शिंद्यांहून अधिक अचूक ओळखली, असे म्हणावे लागते.

कंपनीच्या संमतीवाचून फ्रेंचांना चाकरीस ठेवू नये, असेही एक कलम या तहात होते. त्याचा अर्थ त्या वर्षीच्या जगाकडे पाहिल्यावाचून उलगडत नाही. हैतीतील गुलामांच्या उठावाने आणि पीतज्वराने फ्रेंच सैन्याची दाणादाण उडाली. ३० एप्रिलला नेपोलियनने लुइझियानाचा अफाट प्रदेश दीड कोट डॉलरला अमेरिकेस विकला. मे महिन्यात इंग्लंड व फ्रान्स यांच्यात पुन्हा युद्ध जुंपले. जुलैत देकाँ हा फ्रेंच सेनापती पाँडिचेरीस येऊन मॉरिशसकडे निघून गेला. शिंद्यांच्या उत्तरेकडील फौजेचा सूत्रधार पेराँ हाही फ्रेंचच होता. गव्हर्नर जनरल वेलस्लीला वाटणारी फ्रेंचांची भीती कितपत खरी आणि कितपत सोयीची, हा प्रश्न वेगळा. मराठी दौलतीवर चालून जाण्यास तिने सबळ निमित्त पुरविले.

वाङ्मयाच्या अभ्यासकाने येथे एका गद्यप्रकाराकडे लक्ष द्यावे. अठराव्या शतकात हिंगणे घराण्यातील वकील दिल्लीहून पुण्यास मोडी लिपीत पत्रे धाडीत. दरबारातील हालचाल, पैशाची ओढाताण, अफवा आणि तर्क यांनी भरलेले हे गद्य बखरीहून अधिक सावध व घटनेच्या अधिक निकटचे आहे. दिल्लीवरील हक्क सुटताच अशा लेखनाचे मुख्य प्रयोजनच उरले नाही. त्याच सुमारास कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात लल्लूलालांनी ‘प्रेमसागर’ आरंभिला होता. १८०५ मध्ये श्रीरामपूरहून विल्यम केरीचे मराठी व्याकरण छापून निघाले. ते शिकणार होते कंपनीचे तरुण अधिकारी.