चार पट्ट्यांचे चित्रयंत्र

मुंबईच्या लोकलच्या टपावर विजेच्या तारेला टेकलेला सांगाडा असतो. त्याला पेंटोग्राफ म्हणतात. पण हे नाव मुळात चित्र काढणाऱ्या एका साध्या यंत्राचे. रेल्वेच्या जुन्या चौकटी त्या यंत्रासारख्या दिसत, म्हणून त्यांनाही तेच नाव पडले. जर्मनीतील ख्रिस्तोफ शायनर या विद्वानाने ते यंत्र १६०३ साली बनवले आणि १६३१ साली त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले.

वाचक बंधू-भगिनींनो, हे यंत्र आम्ही घरी केले. त्याचे असे झाले. शेजारचा सातवीतला मुलगा रडकुंडीला येऊन आमच्या दारात बसला. शाळेसाठी महाराष्ट्राचा मोठा नकाशा काढायचा होता. "काका, माझ्या हातात चित्रकलाच नाही," तो म्हणाला. आम्ही म्हटले, "हात राहू दे. मोजपट्टी आण."

जुन्या खोक्याच्या फळीतून चार सरळ पट्ट्या कापल्या. दोन लांब, दोन आखूड. लांब पट्टीला तीन भोके : दोन टोकांना, त्यांच्यातले अंतर ३६ सेंटिमीटर, आणि एक बरोबर मध्ये. आखूड पट्टीला दोन भोके, अंतर १८ सेंटिमीटर. लांब पट्ट्यांचे एकेक टोक नट-बोल्टने जोडले. प्रत्येकीच्या मधल्या भोकात एकेक आखूड पट्टी बसवली आणि आखूड पट्ट्यांची मोकळी टोके एकमेकींना जोडली. मध्ये चौकट तयार झाली. बोल्ट इतकेच आवळायचे, की पट्टी डुगडुगू नये आणि अडूही नये.

आता एका लांब पट्टीचे मोकळे टोक खिळ्याने पाटावर ठोकायचे. दुसरीच्या मोकळ्या टोकात पेन्सिल. आखूड पट्ट्यांच्या जोडावर बोथट खिळा, त्याखाली पुस्तकातला नकाशा. नजर खिळ्यावर ठेवून पेन्सिल हलकेच फिरवायची. खिळा रेघेवरून जातो, पेन्सिल तीच रेघ दुप्पट काढते.

पहिला नकाशा मात्र वाकडा आला. कोकणपट्टी फुगली, गडचिरोली आत ओढले गेले. "बघा, मी म्हटलं होतं ना!" पोराचे डोळे भरले. आम्ही पट्ट्या पुन्हा मोजायला लावल्या. एका आखूड पट्टीचे भोक अर्धा सेंटिमीटर सरकले होते. चूक त्याच्या हातात नव्हती, भोकात होती. त्याने स्वतः नवी पट्टी कापली, दोनदा मोजली, मगच भोक पाडले.

यात जादू नाही, भूमिती आहे. ठोकलेला खिळा, बोथट खिळा आणि पेन्सिल ही तीन टोके, पट्ट्या कशाही हलवा, एका सरळ रेषेतच राहतात. पेन्सिल ठोकलेल्या खिळ्यापासून नेहमी दुप्पट अंतरावर असते. म्हणून चित्र दुप्पट. एक भोक चुकले, की ही रेषा मोडते. शाळेत समरूप त्रिकोण शिकवतात, ते हेच.

दुसरा नकाशा बरोबर उतरला आणि शाळेच्या भिंतीवर लागला. पुढच्या रविवारी त्याच्या धाकट्या बहिणीने पेन्सिल आणि बोथट खिळा यांची अदलाबदल केली. मोठे चित्र निम्मे होऊन वहीत मावले. हे तिला आम्ही सांगितले नव्हते.