तिजोरीतला सोल : डेट्रॉइट, मेम्फिस आणि न निघालेल्या तबकड्या

अमेरिकेतल्या सोल संगीताचा इतिहास बहुधा दोन पाट्यांवरून सांगितला जातो. डेट्रॉइटमध्ये मोटाऊन कंपनीच्या घरावर ‘हिट्सव्हिल यू.एस.ए.’ अशी पाटी होती. मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीने आपल्या जुन्या चित्रपटगृहाच्या दर्शनी फलकावर ‘सोल्सव्हिल यू.एस.ए.’ लिहून तिला उत्तर दिलं. १९६०च्या दशकातली ही चुरस खरीच होती. पण त्या काळात ध्वनिमुद्रित होऊनही बाजारात न आलेलं संगीत ऐकलं की शहराशहरांतल्या या सीमारेषा पुसट होऊ लागतात.

दोन घराणी

बेरी गॉर्डी यांनी १९५९मध्ये कुटुंबाकडून ८०० डॉलरचं कर्ज घेऊन मोटाऊन उभी केली. त्याआधी ते मोटारींच्या कारखान्यात जोडणीचं काम करत. तिथली शिस्त त्यांनी संगीतात आणली. गीतकार, वादक, गायक, नृत्यशिक्षक अशी प्रत्येकाची कामं वाटलेली असत. जेम्स जेमरसनचा चपळ बास, ठोक्यावर वाजणारी खंजिरी आणि वर व्हायोलिनांचा साज ही मोटाऊनची ओळख बनली.

स्टॅक्सचा स्टुडिओ चित्रपटगृहातला, त्यामुळे जमीन उतरती. वर्णभेदाने दुभंगलेल्या मेम्फिसमध्ये बुकर टी. अँड द एमजीज या स्टॅक्सच्या वाद्यवृंदात कृष्णवर्णीय आणि गोरे वादक शेजारी बसून वाजवत. गाणं बरेचदा तिथल्या तिथे सगळ्यांनी मिळून बसवलेलं असे. ठोका किंचित रेंगाळणारा, ब्रासची वाद्यं मोजक्याच जागी बोलणारी.

सीमेपलीकडचे वादक

ही घराणी दिसतात तितकी सोवळी नव्हती. अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीच्या जेरी वेक्सलर यांनी १९६५मध्ये गायक विल्सन पिकेटला स्टॅक्सच्या स्टुडिओत गायला नेलं. पुढे स्टॅक्सने बाहेरच्यांना दार बंद केलं, तेव्हा त्यांनी पिकेटसाठी अलाबामातल्या मसल शोल्सचा फेम स्टुडिओ गाठला. जॅकी विल्सनचं १९६७चं ‘हायर अँड हायर’ शिकागोचं म्हणून ओळखलं जातं. त्यात वाजवणारे मोटाऊनचे पगारी वादक होते, मालकाच्या नकळत शिकागोला गेलेले. आयझॅक हेजचा ‘हॉट बटर्ड सोल’ (१९६९) म्हणजे स्टॅक्सचा मानबिंदू, पण त्यातली तंतुवाद्यं डेट्रॉइटमध्ये ध्वनिमुद्रित झाली. शहराचा सूर घडवणारी माणसं अशी सतत हिंडती होती. त्या सुराला कुंपण घातलं ते कंपन्यांनी.

अडलेलं संगीत

या कुंपणाची किंमत कलावंतांनी मोजली. मोटाऊनमध्ये शुक्रवारच्या बैठकीत गाण्यांवर मतदान होई. शेवटचा डॉलर उरला असेल तर ही तबकडी घ्याल की सँडविच, असं विचारलं जाई. या चाळणीमुळे दर्जा टिकला, आणि उत्तम गाणीही कपाटात गेली.

मोटाऊनचा गायक मार्विन गे याचं ‘यू आर द मॅन’ हे राजकारण्यांना जाब विचारणारं गाणं १९७२मध्ये आलं. सर्वसाधारण पॉप श्रोत्यांत ते फारसं चाललं नाही आणि त्या नावाचा अल्बम बारगळला. त्याच वर्षी मोटाऊन डेट्रॉइट सोडून लॉस एंजेलिसला गेली. अल्बम निघाला २०१९मध्ये, गेच्या मृत्यूनंतर ३५ वर्षांनी.

बेटी लाव्हेटची कहाणी मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते. डेट्रॉइटमध्ये वाढलेल्या या गायिकेने १९७२मध्ये मसल शोल्सला अटलांटिकसाठी अख्खा अल्बम गायला आणि कंपनीने तो बाजूला ठेवला. उत्तरेचा करकरीत आवाज आणि दक्षिणेची सैल लय त्यात एकजीव झाली होती. २०००मध्ये एका फ्रेंच संग्राहकाने तो ‘सूव्हनिअर्स’ या नावाने काढला, तेव्हा लाव्हेट ५४ वर्षांच्या होत्या. त्यानंतर त्यांना नव्याने श्रोते मिळाले. २००७मध्ये त्या मसल शोल्सला परतल्या आणि तिथे केलेल्या अल्बमला त्यांनी ‘द सीन ऑफ द क्राइम’ हे नाव दिलं.

कपाटं उघडली

अलीकडे जुन्या टेप बाहेर येतात, त्यामागे कायद्याचाही रेटा आहे. युरोपीय महासंघात ध्वनिमुद्रणाचा हक्क ७० वर्षं टिकतो, पण ५० वर्षांत ते लोकांपुढे आणलंच नाही तर त्याला ही वाढीव मुदत मिळत नाही. म्हणून मोटाऊनने १९६०च्या दशकातली अप्रकाशित गाणी वर्षावार काढली.

२०२३मध्ये स्टॅक्सच्या गीतकारांचे कच्चे नमुने सात सीडींत आले. त्यांतल्या १४६ ध्वनिमुद्रणांपैकी १४० पूर्वी कधीच प्रकाशित झालेली नव्हती. एखादी गिटार किंवा पियानो आणि लिहिणाऱ्याचा स्वतःचा आवाज, एवढाच बहुतेकांचा ऐवज. स्टॅक्सचा ठसा उमटण्याआधीचं गाणं इथे ऐकू येतं, आणि त्यात गॉस्पेल, कंट्री, डेट्रॉइट सगळं एकत्र नांदताना दिसतं. या संचाला २०२४मध्ये ग्रॅमी मिळाली.

केवळ विकल्या गेलेल्या तबकड्यांवरून लिहिलेला इतिहास हा विक्री विभागाचा इतिहास ठरतो. मोटाऊनच्या वादकांची नावं तर १९७१पर्यंत अल्बमच्या वेष्टनावरही येत नव्हती. तेव्हा कपाटातून निघणाऱ्या प्रत्येक टेपवर वाजवणाऱ्यांची नावं छापली जावीत आणि तिचे पैसे हयात कलावंतांना, नाहीतर त्यांच्या घरच्यांना मिळावेत. एवढं झालं तरच उशिरा का होईना, हे संगीत खऱ्या अर्थाने प्रकाशित झालं असं म्हणता येईल.