बरोबरीचा निकाल

काव्यस्पर्धेत दोघांची बरोबरी झाली, की चिठ्ठी टाकून मोकळे होणाऱ्या परीक्षकांपैकी मी एक. म्हणूनच १९५८ सालची एक मोटारशर्यत मला टोचत राहते.

ब्रिटनमध्ये रस्त्यावरच्या, नेहमीच्या बनावटीच्या मोटारींची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा त्या वर्षी सुरू झाली. टॉमी सॉपविथ यांच्याकडे दणकट जॅग्वार, जॅक सिअर्स यांच्याकडे तिच्याहून संथ ऑस्टिन. तुम्ही म्हणाल, मग बरोबरी होईलच कशी? तर गुण इंजिनाच्या आकारानुसार केलेल्या गटांतल्या क्रमांकावर मिळत. ऑस्टिननं जॅग्वारला गाठायचं नव्हतंच. आपल्या गटात पहिलं यायचं होतं. हंगामाअखेर दोघांचे गुण सारखेच भरले.

नाणं उडवा, अशी सूचना आली. ती दोघांनाही रुचली नाही. वर्षभराची मेहनत काय छापा-काट्यावर सोडायची?

मग ब्रँड्स हॅचच्या धावपट्टीवर दोन सारख्या रायली गाड्या आणल्या. वर पाऊस. पाच फेऱ्यांची एक शर्यत, नंतर गाड्यांची अदलाबदल आणि पुन्हा पाच फेऱ्या. एखादी गाडी जरा सरस असली, तरी तिचा फायदा दोघांनाही मिळणार. दोन्ही शर्यतींच्या वेळांची बेरीज झाली. सिअर्स १.६ सेकंदांनी जिंकले.