डांबराच्या काठापासून दीड हात

दुचाकीवाल्याने रस्त्याच्या अगदी कडेने जावं, असं आपल्याकडे प्रत्येक घरात सांगतात. पांढुर्णा-सौंसर रस्त्यावर एका दूधवाल्याला पाहिलं आणि या सांगण्याबद्दलच शंका आली. त्याच्या गाडीला दोन्ही बाजूंनी दुधाच्या कॅन लटकलेल्या, पुढे संत्र्यांनी भरलेली ट्रॉली, मागे आमची कार. तो कडेला दबला नाही. वेग थोडा उतरवून त्याने ट्रॉलीपासून अंतर पाडलं, उजवा हात बाहेर काढला, मान वळवून आमच्या ड्रायव्हरकडे नीट पाहिलं आणि मगच गाडी उजवीकडे घेतली. ती वळलेली मान डोक्यातून जाईना, म्हणून पुढे मी स्वतःची दुचाकी घेऊन त्याच्यामागे फिरलो.

दूधवाले काका पन्नाशीचे. कानांवर दुपट्टा, वर हेल्मेट. आसपासच्या खेड्यांतून दूध गोळा करायचं आणि सौंसरच्या हॉटेलांना, घरांना पोचवायचं, हा रोजचा क्रम. चाळीस-चाळीस लिटरच्या दोन कॅन म्हणजे नुसतं दूधच ब्याऐंशी किलोच्या आसपास. लोखंडी स्टँडमुळे गाडी मागच्या बाजूला हँडलपेक्षाही रुंद होते आणि मागचे इंडिकेटर कॅनच्या आड जातात. म्हणून हाताचा इशारा. आरसे आहेत, पण आरशाला आपल्या खांद्यामागची जागा दिसत नाही. तिथे एखादी मोटरसायकल सहज लपते.

“काठापासून दीड हात सोडून चालवा लागते जी,” काका म्हणाले. “काठावर गेलं का मागचा समजते, आपल्याले जागा भेटली. तो घासूनच निघते.”

दीड हात का, ते रस्ताच दाखवतो. डांबर संपतं तिथे मुरूम बसलेला असतो, कडेला टप्पा पडलेला असतो. भरलेल्या गाडीचं चाक त्यावरून खाली उतरलं की तिरकं परत वर चढताना घसरतं. शेतातून येणारा ट्रॅक्टर, बांधावरून उतरणारी गाय, कडेला थांबलेल्या गाडीचं उघडणारं दार, सगळं त्याच पट्ट्यात येतं. दीड हात सोडला तर चुकवायला डावीकडे थोडी जागा उरते. शिवाय तिथे मोटारींच्या डाव्या चाकांनी घासून स्वच्छ ठेवलेली वाट मिळते. दोन्ही चाकांच्या मधल्या पट्टीवर तेल ठिबकलेलं असतं. पहिल्या पावसात काका त्या पट्टीवर चाक ठेवत नाहीत.

बाजू बदलण्याचा क्रम ठरलेला आहे: अंतर, आरसा, हात, मान, मग गाडी. यात अंतर पहिलं, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं. ताशी 50 किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात जवळपास 14 मीटर पुढे जाते. मान मागे वळवलेली असताना तेवढा रस्ता न पाहता कापला जातो. म्हणून आधी पुढची जागा मोकळी करायची, मग मागे पाहायचं. ट्रकमागे असताना काका उजव्या अंगाला राहतात, कारण ड्रायव्हर उजवीकडे बसतो. “त्याच्या आरशात त्याचं तोंड दिसलं पाह्यजे. नाही दिसलं, तर त्यालेही आपण दिसत नाही.” जामसावळीच्या हनुमानाकडे जाणाऱ्या गाड्या शनिवारी-मंगळवारी जास्त असतात. त्या कुठेही अचानक वळतात, म्हणून त्या दिवशी ते कोणाच्याच बगलेत राहत नाहीत.

पांढुर्ण्यावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग 47 तर वेगळीच परीक्षा घेतो. रस्ता चौपदरी, मध्ये डिव्हायडर. वळण लांब पडतं म्हणून लोक उलट्या दिशेने येतात, आणि येतात ते आपल्या डाव्या कडेनेच. तिथेही दीड हातच उपयोगी पडतो.

2022 साली देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली. त्यांतली चव्वेचाळीस टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची होती. अशा वेळी दुचाकीवाल्याला कडेला ढकलणारी शिस्त मला मान्य होत नाही. रस्त्यावर त्याची जागा आहे आणि ती त्याने दिसेल अशी घ्यावी. लायसन्ससाठी आठचा आकडा काढायला लावतात. तोल त्याने कळतो, पण मागे भरधाव ट्रक असताना मान कधी वळवायची, हे त्या मैदानावर कसं कळणार?

काकांचा मुलगा आता धंद्यात येतोय. पहिले काही आठवडे त्याला रिकाम्या कॅन दिल्या, मग काठोकाठ भरलेल्या. अर्धी भरलेली कॅन अजून दिलेली नाही. भरलेल्या कॅनमधलं दूध फारसं हलत नाही. अर्ध्या कॅनमधलं मात्र बाजू बदलताना उशिराने उसळतं आणि गाडी सरळ झाली असं वाटत असतानाच तिला पुन्हा ओढतं. तेव्हा हँडल झटक्याने वळवून चालत नाही, आख्खी गाडी हळूहळू सरकवत न्यावी लागते. पोरगा रोज विचारतो, अर्धी कॅन कधी देता म्हणून. काकांचं उत्तर ठरलेलं असतं, “आधी मान वळू दे.”