आईच्या फोटोतलं कुंकू

गेल्या दिवाळीत झाडझूड करताना आईचा फोटो खाली काढला आणि काळजात चर्र झालं. तिची हिरवी पैठणी पिवळट पडलेली, कपाळावरचं कुंकू तर दिसेनासंच झालेलं! फोटो काही फार जुना नव्हता. स्टुडिओत उभ्या उभ्या पाच मिनिटांत छापून घेतलेला. तुमच्याही भिंतीवर असा एखादा फोटो असेल, म्हणून हे सांगते.

हे झटपट फोटो बहुधा रिबिनीवरून छापतात, बरं का. रिबिनीवर पिवळा, किरमिजी आणि निळसर असे रंग ओळीने असतात. तापलेल्या पट्टीखाली रंग रिबिनीतून सुटतो आणि कागदावरच्या खास थरात मुरतो. उष्णता जास्त तिथे रंग गडद. कागदाच्या अशा ३ फेऱ्या झाल्या की चौथ्या फेरीत वर पारदर्शक थर बसतो. पाणी, बोटांचा तेलकटपणा आणि काही अंशी ऊन यांपासून तोच फोटोला जपतो. म्हणून छापून घेतानाच विचारा, "वरचा थर देता ना?"

पण हा थर म्हणजे काही अमृत नव्हे. उजेडानं रंग हळूहळू विटतोच. माझी चूक हीच: फोटो पश्चिमेच्या खिडकीसमोर! फोटो सावलीतल्या भिंतीवर लावा. समई, शेगडी यांची धग लागू देऊ नका. काच थेट फोटोला चिकटू देऊ नका. मध्ये पुठ्ठ्याची चौकट घाला.

आणखी एक. पर्समधलं मऊ, वास येणारं प्लॅस्टिकचं पाकीट बहुधा पीव्हीसीचं असतं. मऊपणासाठी त्यात घातलेलं द्रव्य फोटोतला रंग ओढून घेतं. त्यापेक्षा पॉलिप्रॉपिलीनचं पाकीट मागा.

उशीच्या अभ्र्यावर नातवंडांचा फोटो छापून घ्यायचाय? हा रंग सुती कापडात मुरत नाही, पॉलिएस्टरच हवं. अभ्रा उलटा करून कोमट इस्त्री फिरवा. कडक इस्त्रीनं रंग पुन्हा सुटतो.

माझं नशीब थोर! त्याच दिवशी छापलेली दुसरी प्रत वहिनीच्या कपाटात, अल्बममध्ये होती. पाहते तो कुंकू जसंच्या तसं! तिच्यावरून नवी प्रत काढली. आता भिंतीवर नवी प्रत असते आणि जुनी अंधारात, कपाटात.

तुम्हीही आजच एक जास्तीची प्रत काढून ठेवा. माणूस गेल्यावर दुसरा फोटो काढता येत नाही, बाई.