रंग फसवतात तेव्हा: योझेफ आल्बर्स

योझेफ आल्बर्स यांचा जन्म 19 मार्च 1888 रोजी जर्मनीच्या रूर खोऱ्यातील बोट्रोप या कोळसा खाणींच्या गावी झाला. वडील घरांना रंग देणारे कारागीर होते. पृष्ठभाग आधी नीट तयार करावा, मग रंग लावावा, ही शिस्त मुलाने घरातच उचलली. पुढच्या सगळ्या कामात ती दिसत राहते.

आल्बर्स चित्रकार होण्याआधी शिक्षक झाले. 1908 पासून काही वर्षे त्यांनी प्राथमिक शाळांत शिकवले. मग बर्लिन, एसेन आणि म्युनिकमध्ये कलाशिक्षण घेतले. 1920 साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते वायमार येथील बाउहाउस या नव्या कलाशाळेत पुन्हा विद्यार्थी म्हणून दाखल झाले. हाती पैसा नव्हता. पाठीवर पिशवी टाकून आणि हातोडी घेऊन ते गावच्या उकिरड्यावर जात, फुटक्या बाटल्यांच्या काचा गोळा करत. त्या काचा तारेने आणि जाळीने बांधून त्यांनी उजेडात झळकणारी चित्रे केली. त्यांचे पुढचे सारे रंगकाम या काचांतून आरपार येणाऱ्या प्रकाशातूनच निघाले, असे म्हणायला हरकत नाही.

1923 मध्ये संस्थापक वाल्टर ग्रोपिउस यांनी त्यांच्यावर प्राथमिक अभ्यासक्रमाचा भाग सोपवला. संस्था देसाउला गेल्यावर ते तिथे अधिकृत अध्यापक झाले. विणकर कलावंत आनी फ्लाइशमान यांच्याशी त्यांचा विवाहही त्याच वर्षी, 1925 साली झाला. या काळातल्या त्यांच्या एका तासाची आठवण एका विद्यार्थ्याने लिहून ठेवली आहे. आल्बर्स वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन वर्गात आले. प्रत्येकाला कागद वाटले आणि या कागदाचे काहीतरी करा, पण त्याचा स्वभाव सांभाळा, शक्यतो कात्री आणि डिंक वापरू नका, एवढे सांगून निघून गेले. परत आले तेव्हा जमिनीवर किल्ले, जहाजे, मुखवटे, विमाने मांडलेली होती. या वस्तू दुसऱ्या कशाच्याही अधिक चांगल्या झाल्या असत्या, असे म्हणून त्यांनी त्या बाजूला केल्या. पसंत पडला तो एकच नमुना: उभी घडी घालून पडद्यासारखा उभा केलेला कागद. एरवी लोळत पडणारा कागद एका घडीने आपल्या कडेवर उभा राहिला होता आणि त्याच्या दोन्ही बाजू एकदम दिसत होत्या. कमीत कमी खटपटीत जास्तीत जास्त परिणाम, हे आल्बर्स यांच्या शिकवणुकीचे सूत्र त्या घडीत पुरते सामावले आहे.

1933 मध्ये नाझींच्या दडपणाखाली बाउहाउस बंद पडले. आनी ज्यू घराण्यातल्या होत्या, त्यामुळे देश सोडणे भागच होते. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातील डोंगरभागात नुकतेच ब्लॅक माउंटन कॉलेज सुरू झाले होते. तिथून बोलावणे आले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात दोघे तिथे पोहोचले. आल्बर्स यांना इंग्रजी जेमतेम येत होते. काय शिकवणार, असे विचारल्यावर त्यांनी मोडक्यातोडक्या शब्दांत सांगितले, की डोळे उघडायला शिकवणार. तिथे ते 1949 पर्यंत राहिले. रॉबर्ट राउशेनबर्ग आणि रूथ आसावा हे त्यांचे तिथले विद्यार्थी. राउशेनबर्ग यांची चित्रे गुरूच्या अगदी उलट वळणाची, तरी या कडक शिक्षकाचे ऋण ते मानत राहिले. अनुकरण करणारे शिष्य आल्बर्स यांना नकोच होते.

सुट्टीत हे दांपत्य वारंवार मेक्सिकोला जाई. तिथले प्राचीन दगडी अवशेष आणि कच्च्या विटांची रंगीत घरे पाहून आल्बर्स यांच्या चित्रांतले आकार अधिकाधिक साधे होत गेले.

1950 मध्ये ते येल विद्यापीठात रचनाविभागाचे प्रमुख झाले आणि त्याच वर्षी ‘चौकोनाला वंदन’ ही चित्रमालिका सुरू झाली. एकात एक बसवलेले तीन किंवा चार चौकोन, एवढाच विषय. आतले चौकोन मध्यभागी नसतात, थोडे खाली सरकलेले असतात: दोन चौकोनांमधले अंतर खाली एक भाग असेल, तर डावीउजवीकडे दोन-दोन आणि वर तीन. हार्डबोर्डवर पांढऱ्या अस्तराचे अनेक थर देऊन, ट्यूबमधला रंग सहसा न मिसळता, सुरीने पसरवला जाई. सुरुवात मधल्या चौकोनापासून करून ते बाहेर सरकत. फळीच्या मागे प्रत्येक रंगाचे नाव आणि तो बनवणारी कंपनी बारीक अक्षरात लिहिलेली असते. आकार कायम ठेवला, की बदल फक्त रंगाचा उरतो. तोच पिवळा एका चित्रात पुढे झेपावतो, दुसऱ्यात मागे विरून जातो. मृत्यूपर्यंतच्या पंचवीस वर्षांत या मालिकेत हजारावर चित्रे झाली. एकापुढे नुसते उभे राहिले तर कंटाळा येईल. दोन शेजारी ठेवून पाहिली, की डोळा कामाला लागतो.

हाच अभ्यास 1963 साली त्यांच्या रंगांच्या परस्परक्रियेवरील ग्रंथात आला. त्यात ते वर्गात रंगांऐवजी रंगीत कागद वापरायला सांगतात, कारण मिसळलेला रंग दुसऱ्यांदा तंतोतंत तसाच जमत नाही, कागद मात्र तोच राहतो. एक करडी पट्टी कापून तिचा एक तुकडा काळ्या कागदावर आणि दुसरा पांढऱ्यावर ठेवला, तर पहिला उजळ आणि दुसरा गडद भासतो. पट्टी एकच आहे हे माहीत असूनही डोळा ऐकत नाही. हे पटवायला ते पाण्याचे उदाहरण देतात. एक हात गरम पाण्यात आणि दुसरा गार पाण्यात बुडवून मग दोन्ही कोमट पाण्यात घातले, की तेच पाणी एका हाताला गार आणि दुसऱ्याला गरम लागते. रंगाचेही तसेच, त्याचे रूप शेजाऱ्यावर अवलंबून असते.

1958 मध्ये आल्बर्स येलमधून निवृत्त झाले, चित्रकाम मात्र चालू राहिले. 1971 साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरवले. हयात कलावंताचे असे एकल प्रदर्शन तिथे प्रथमच होत होते. 25 मार्च 1976 रोजी न्यू हेवन येथे त्यांचे निधन झाले. जन्मगावी, बोट्रोपमध्ये, 1983 साली त्यांच्या नावाचे संग्रहालय उघडले.