नाण्याने पकडलेले खोटे

समजा, गुरुजींनी वर्गाला सांगितले, "घरी जाऊन एक नाणे दहा वेळा उडवा आणि छापा किती वेळा पडला ते उद्या सांगा. प्रत्येक छाप्याला एक पेन्सिल बक्षीस!" घरी पाहणारे कोणी नाही. एखाद्याने दोन छापे वाढवून सांगितले, तर गुरुजींना ते कसे कळावे?

एका मुलापुरते ते कळणार नाही. दहापैकी आठ छापे खरोखरही पडू शकतात. पण वर्गात ४० मुले असली, तर एकूण ४०० वेळा नाणे उडते. त्यांत सुमारे २०० छापे यावेत, फार तर वीसएक इकडेतिकडे. बेरीज २५० आली, तर कोणीतरी खोटे बोलले हे जवळजवळ नक्की! कोण, हे मात्र संभाव्यतेचे गणित सांगत नाही.

झुरिच विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ एर्न्स्ट फेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच युक्ती वापरली. एका मोठ्या आंतरराष्ट्रीय बँकेतील १२८ कर्मचाऱ्यांना त्यांनी एकांतात दहा वेळा नाणे उडवायला सांगितले. कोणती बाजू पडली की पैसे मिळणार, हे आधीच ठरले होते. एकूण २०० डॉलरपर्यंत मिळू शकत होते. नाणे उडवण्यापूर्वी काहींना त्यांच्या बँकेतील कामाविषयी प्रश्न विचारले, तर इतरांना फावल्या वेळाविषयी.

२०१४ साली 'नेचर' या नियतकालिकात निष्कर्ष आले. फावल्या वेळाविषयी बोललेल्यांनी ५१.६ टक्के वेळा जिंकल्याचे सांगितले, म्हणजे जवळपास अपेक्षेइतकेच. कामाची आठवण झालेल्यांचा आकडा मात्र ५८.२ टक्के होता! माणसे त्याच बँकेतली; बदलले होते फक्त मनातले वातावरण. इतर व्यवसायांतील लोकांना त्यांच्या कामाची आठवण दिल्यावर असा फरक पडला नाही.

आणखी एक गोष्ट पाहा. पकडले जाण्याची भीती नसतानाही आकडा १०० टक्के झाला नाही. लाभाचा मोह असतो, तसेच 'मी प्रामाणिक आहे' हे स्वतःलाही पटवायचे असते. म्हणून पुष्कळ जण खोटे बोललेच, तरी थोडेसेच बोलतात.

मग सारे बँकवाले अप्रामाणिक म्हणायचे का? मुळीच नाही. पुढे इतर संशोधकांनी मध्यपूर्व व आशिया-प्रशांत भागांतील बँकांमध्ये हाच प्रयोग केला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत असा परिणाम आढळला नाही. म्हणजे दोष साऱ्या व्यवसायाला देता येत नाही. एकेका कामाच्या ठिकाणी कशाची वाहवा होते, कशाकडे काणाडोळा होतो, यावरही बरेच अवलंबून असावे.

तुम्हीही वर्गात हा प्रयोग करून पाहा. कागदावर नाव लिहू नका, फक्त आकडा लिहा. एकदा बक्षीस ठेवून आणि एकदा बक्षिसाशिवाय बेरीज करा. बक्षीस प्रत्येकाला न देता, सगळ्या छाप्यांचे मिळून वर्गाला द्या. फरक पडला, तर चोर शोधत बसू नका. आपल्या वर्गात खरे बोलणे सोपे कसे होईल, याचा विचार करा.